‘दाऊदची गाडी’ म्हणजे नेमकी कोणाची?

अमरावती-अकोल्यात जुनी गाडी पाहायला गेलं की एक वाक्य ठरलेलं असतं : “डॉक्टरची गाडी आहे भाऊ, सिंगल हँड!” आपण काही लगेच मान डोलवत नाही. आरसी बुक मागतो, चासी नंबर ताडतो, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवतो. पण डॉक्टरच्या जागी एखाद्या कुख्यात गुंडाचं नाव आलं, की हीच अक्कल कुठं जाते राजेहो?

माझ्या पीएचडीचा विषय मालकीची साखळी हा आहे. म्हणजे एखादी वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, हे कागदावरून कसं सिद्ध करायचं. त्या नजरेनं एक गाजलेला लिलाव पाहू.

डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमच्या म्हणून जप्त झालेल्या मालमत्तांचा लिलाव झाला. त्यात एक हिरवी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट होती. हिंदू महासभेचे स्वामी चक्रपाणी यांनी ती 32,000 रुपयांना घेतली आणि गाझियाबादला नेऊन जाहीरपणे जाळली. सगळीकडे मथळा एकच : ‘दाऊदची गाडी’.

आता साधा हिशोब करा. दाऊद 1980 च्या दशकातच देश सोडून गेला. अ‍ॅक्सेंट भारतात आली 1999 मध्ये. म्हणजे तो ही गाडी मुंबईत फिरवत होता, हे चित्र काळाच्याच कसोटीवर टिकत नाही.

मग लिलाव खोटा होता का? तसं नाही. 1976 चा सफेमा कायदा तस्करासोबत त्याच्या नातेवाइकांच्या आणि साथीदारांच्या मालमत्तेलाही लागू होतो. म्हणून इथं प्रश्न तीन आहेत : नोंदणी कोणाच्या नावावर? पैसा कोणाचा? वापरली कोणी? ‘दाऊदची’ या एका शब्दानं तिन्ही प्रश्न झाकून टाकले. माझा आक्षेप एवढाच आहे.

हा शब्दच्छल नाही. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. वरळीत एक बेवारस मारुती सापडली, आणि तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमला मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले. तिथं गाडीचा कागद पुरावा होता. 2015 मध्ये फक्त नाव गाजलं. ज्या नावामागे इतके मृत्यू आहेत, ते तमाशासाठी वापरताना कागद तरी नीट वाचायला नको?

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडाच्या युद्ध संग्रहालयात एक मर्सिडीज नाझी नेता गोअरिंगची म्हणून आली होती. तिथले ग्रंथपाल लुडविग कोश यांनी चिकाटीनं माग काढला, तेव्हा ती हिटलरच्या ताफ्यातली निघाली. विकणाऱ्यानं सांगितलेला गुन्हेगारच चुकीचा होता!

व्हिंटेज गाड्यांच्या बाजारात तर असं नाव म्हणजे रोख पैसा. गोष्ट जितकी भारी, तितकी किंमत चढी. म्हणून कोणी “ही अमुक डॉनची” म्हणालं, तर तीन गोष्टी मागा : पहिल्या नोंदणीपासूनची नावं, चासी-इंजिन नंबरांचा मेळ आणि त्या काळातला एखादा कागद किंवा फोटो. विकणाऱ्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही, कारण ते आजचं असतं आणि दावा कालचा.

कागद नसेल तर लोखंडाचेच पैसे द्या. गोष्ट ऐकायला फुकट आहे.