दहा दिवसांचा जाब

फराळाचे ताट पुढे असताना एका सरकारी अहवालाचे परीक्षण घेऊन बसणे काहींना औचित्यभंग वाटेल. पण मी पाटणसारख्या गावात मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मॅट्रिक मनुष्य आहे. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या, 1969 साली पुऱ्या झालेल्या, गांधीहत्येच्या कटाविषयीच्या अहवालाने मला जितके जागवले तितके अलीकडे कोणत्याही कादंबरीने जागवलेले नाही. म्हणून त्याच्याकडे मी कायदेपंडिताच्या नव्हे, वाचकाच्या नजरेने पाहतो.

या ग्रंथाचा जन्मच विलक्षण आहे. नोव्हेंबर 1964 मध्ये, या खटल्यातील शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या स्वागताचा समारंभ पुण्यात झाला. लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर तेथे बोलून गेले की, हा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. देशभर गदारोळ उठला. 1965 साली आयोग नेमला गेला, आणि पुढे त्याचे काम कपूरांकडे आले. प्रश्न एकच होता: आधी कोणाला काय ठाऊक होते, आणि त्याने त्याचे काय केले?

कथाभाग अवघ्या दहा दिवसांचा आहे. 20 जानेवारी 1948 ला बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. त्याच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. नाव नव्हते, पण मुंबई सरकारच्या वृत्तपत्रांच्या वार्षिक यादीत त्या पत्राचा संपादक आणि मालक दोघेही नावानिशी छापलेले होते. यादी कपाटात राहिली. 21 तारखेला मुंबईत प्राध्यापक जैन यांनी मदनलालने आपल्याजवळ केलेली बडबड गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सांगितली. त्यांनी ती त्याच रात्री नगरवाला या पोलीस अधिकाऱ्याच्या कानावर घातली. दिल्लीचे दोन अधिकारीही मुंबईस आले. मात्र त्यांनी बरोबर काय आणले होते, याविषयी दोन्हीकडच्या साक्षी जुळत नाहीत. पुण्याच्या गुन्हा-अन्वेषण खात्याचे उपमहानिरीक्षक दिल्लीतच होते. जबानी हाती पडल्यावर ते विमानाने न येता आगगाडीने, तेही अलाहाबादच्या लांबच्या वाटेने निघाले आणि 27 ला मुंबईस पोचले. इकडे मुंबईचा तपास गांधीजींना पळवून नेण्याच्या कल्पित कटाभोवती घोटाळत राहिला. मी कादंबरीत असे लिहिले असते, तर संपादकांनी ‘असंभाव्य’ असा शेरा मारून हस्तलिखित परत धाडले असते!

ग्रंथाचे बळ या सांध्यांच्या तपासणीत आहे. कपूर कोणाला राक्षस ठरवत नाहीत. शंभरावर साक्षीदारांना ते पुनःपुन्हा तेच विचारतात: हे तुम्हांला कधी कळले? पुढे कोणाला कळवले? पेपर तपासताना आम्ही मास्तर नुसते उत्तर नव्हे, रीत मागतो, तसेच हे. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती गांधीजींनाच मान्य नव्हती, ही पोलिसांची अडचणही ते नोंदवतात. पण निदान पुण्याचे, संशयितांना ओळखणारे पोलीस तरी प्रार्थनेच्या गर्दीत उभे करता आले असते, हा त्यांचा मुद्दा काही केल्या खोडता येत नाही.

दोषही आहेत. पुनरुक्ती फार, भाषा रुक्ष. आणि सर्वांत मोठा दोष कपूरांचा नव्हे, काळाचा: हा जाब एकवीस वर्षांनी मागितला गेला, तोही एका सभेत कोणाची जीभ सैल सुटली म्हणून. सभा झाली नसती, तर?

हे दूर दिल्लीचे प्रकरण, असे आम्हां सातारकरांना म्हणता येत नाही. 30 जानेवारीनंतर याच जिल्ह्यात, कटाशी काडीचाही संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरे जळाली. कित्येक कुटुंबांनी गावे सोडली ती कायमचीच. एक यादी वेळेवर उघडली न जाण्याची किंमत कोयना-कृष्णेच्या काठच्या माजघरांनीही मोजली.

त्या वेळी केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख संजीवी हेच दिल्लीच्या पोलिसांचेही प्रमुख होते. म्हणजे माहिती आणि कृती यांची सूत्रे राजधानीत एकाच हाती होती, तरीही दोहोंची गाठ पडली नाही. हा विभाग इंग्रजांनी 1887 साली हुकुमाने उभारला. त्याला अटकेचा अधिकार नाही. वार्ता गोळा करून योग्य ठिकाणी पोचवणे, हेच त्याचे काम. परंतु त्याने कोणावर पाळत ठेवावी आणि चुकल्यास कोणापुढे उभे राहावे, हे सांगणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. 2005 च्या माहिती अधिकारातून तो वगळलेला आहे; अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. 2011 साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले, त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडने मात्र आपल्या गुप्तवार्ता खात्याला 1989 मध्ये कायद्यात बसवले आणि 1994 मध्ये देखरेखीसाठी संसद-सदस्यांची समिती नेमली.

गुप्तता हवीच, यात मला शंका नाही. खबर देणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर आले तर उद्या खबर येणार नाही, हे पत्री सरकारचा काळ पाहिलेल्या सातारला कोणी शिकवायला नको. पण बातमी कोणी दिली हे झाकणे वेगळे, आणि बातमीचे काय केले हे झाकणे वेगळे. पहिल्याने खबऱ्या वाचतो. दुसऱ्याने वाचते ती केवळ कचेरीची अब्रू. कपूरांचा अहवाल ही रेघ स्वच्छ आखून दाखवतो. कपूर अहवाल पुरा करीत होते तेव्हा देशाचे गृहमंत्री आमच्या देवराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण होते. त्याच्या आदल्या वर्षी, 1968 साली, परदेशी हेरगिरीचे काम या विभागातून काढून नव्या खात्याकडे दिले गेले. कामाची वाटणी झाली. जाबाची कायमची सोय मात्र कोणत्याही सरकारने केली नाही.

ग्रंथ जाडजूड आहे, मूळ इंग्रजी आहे, आणि बैठकीत वाचून करमणूक होईल असाही नाही. तरीही घरातील वाचत्या पोरांच्या हाती तो अवश्य द्यावा. मोठी माणसे एकमेकांना चिठ्ठी पोचवायला विसरली, तर काय होते, हे त्यांना त्यातून कळेल; आणि ‘साहेब, ती चिठ्ठी कुठे गेली?’ असे विचारण्याची सवयही कदाचित लागेल.