लोकशाही आणि सामाजिक स्थैर्य : भाषिक प्रश्नाच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक :

राज्यशास्त्राच्या अध्यापनात ‘लोकशाहीचे गुण’ सांगताना स्थैर्याचा उल्लेख हमखास केला जातो. ‘लोकशाहीचे दोष’ सांगताना अस्थैर्याचाही उल्लेख होतो. विद्यार्थी दोन्ही मुद्दे उत्तरपत्रिकेत लिहितो आणि दोन्हींना गुण मिळवतो! हा विरोध नेमका कशामुळे निर्माण होतो, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात भारत आणि श्रीलंका या दोन देशांतील भाषिक प्रश्नाच्या आधारे ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

हॅरिसन यांचे भाकीत :

सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराचा ‘इंडिया : द मोस्ट डेंजरस डिकेड्स’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. भाषिक अस्मिता आणि जातीय निष्ठा यांच्या ताणाखाली भारताचे ऐक्य टिकेल काय, की देश हुकूमशाहीकडे वळेल, अशी शंका त्यांनी व्यक्त केली होती. ही शंका निराधार नव्हती. स्वतंत्र आंध्रासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू यांचे डिसेंबर १९५२ मध्ये निधन झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांना प्राण गमवावे लागले होते.

तथापि पुढील इतिहास वेगळा घडला. आंध्र राज्य १९५३ मध्ये आणि महाराष्ट्र व गुजरात १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. मद्रास प्रांतात १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलन पेटले. परंतु इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची तरतूद १९६७ मध्ये कायद्याने अधिक भक्कम करण्यात आली. एकेकाळी स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी करणारा द्रविड मुन्नेत्र कळघम त्याच वर्षी निवडणुकीद्वारे सत्तेवर आला. हॅरिसन यांनी ज्या मागण्यांत विघटनाची बीजे पाहिली, त्या मान्य झाल्यामुळेच विघटन टळले.

श्रीलंकेचा प्रतिदाखला :

यावरून ‘लोकशाही स्थैर्य देते’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. श्रीलंकेत प्रौढ मताधिकार १९३१ पासूनच, म्हणजे भारताच्या कितीतरी आधी, होता. निवडणुका होत होत्या, सत्तांतरे शांततेने घडत होती. तरीही १९५६ मध्ये, निवडणुकीत मिळालेल्या कौलाच्या बळावरच, सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविण्यात आली. पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी १९५७ मध्ये केलेला करार बहुसंख्याकांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी मोडला. तमिळ भाषेला राजभाषेचे स्थान मिळाले ते १९८७ मध्ये; तोपर्यंत यादवी युद्ध सुरू होऊन चार वर्षे लोटली होती. ते २००९ पर्यंत चालले.

दोन्ही देशांत मतपेटी होती. फरक होता तो सामाजिक रचनेत आणि संस्थांत. भारतात कोणत्याही एका भाषेचे भाषक निर्विवाद बहुसंख्य नव्हते आणि संघराज्याच्या चौकटीत वाटाघाटीला जागा होती. द्वैभाषिकाच्या निर्णयाची किंमत सत्ताधारी पक्षाला १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात मोजावी लागली. श्रीलंकेत मात्र सिंहली मतांसाठी प्रमुख पक्षांत चढाओढ होती आणि तमिळ मतदाराला दुखावल्याची किंमत कोणालाच द्यावी लागत नव्हती. आज पराभूत झालेल्याला उद्याची आशा वाटते तेथे तो मतपेटीकडे वळतो. ती आशा कायमची संपते तेथे निवडणूकच संघर्षाला खतपाणी घालते.

स्थैर्य कोणासाठी?

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. भाषावार राज्यांत संख्येने मोठ्या जाती सत्ता बळकावतील आणि लहान समूह त्यांच्या दयेवर राहतील, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्येच दिला होता. तत्पूर्वी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना, राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती दीर्घकाळ राहिल्यास लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले होते. भाषेचा प्रश्न सुटल्याने लाभलेले स्थैर्य दलित, आदिवासी आणि भूमिहीन यांच्या वाट्याला कितपत आले, हा प्रश्न हॅरिसन यांचे भाकीत चुकले म्हणून सुटत नाही. वरवरची शांतता आणि स्थैर्य या भिन्न गोष्टी आहेत. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातही रस्ते शांतच होते.

समारोप :

सारांश, स्थैर्य हा लोकशाहीचा अंगभूत गुण नव्हे. सत्तेने वेळीच माघार घेणे, अल्पसंख्याकांचे मत निर्णायक ठरू शकणे आणि सामाजिक विषमता घटत जाणे या अटींवर ते अवलंबून असते. श्रीरामुलूंच्या मृत्यूनंतर आलेले शहाणपण मृत्यूपूर्वी का आले नाही, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. गुण-दोषांच्या यादीऐवजी या अटींची चर्चा वर्गात घडली, तर ‘लोकशाही’ हा केवळ परीक्षेचा विषय राहणार नाही.