ख्रिस्तपुराणाआधीची सदतीस वर्षे

फादर थॉमस स्टीफन्सचे नाव निघाले, की आपली समीक्षा ठरल्याप्रमाणे पहिल्या अवस्वरातील मराठीस्तुतीच्या ओव्यांकडे वळते. एका इंग्रजाला मराठीची भुरळ पडली, एवढ्यावर विषय संपतो. या वाचनाविषयी माझी तक्रार अशी, की त्यात भुरळ दिसते, तयारी दिसत नाही. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. मधल्या ३७ वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय या ग्रंथाची भाषा उलगडत नाही.

परदेशी आजन्म राहणाऱ्या मिशनरीची तयारी म्हणजे भाषेचे वर्ग आणि देशाची माहिती, अशी आपली आजची कल्पना असते. स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला, तेव्हा त्याला यातले काही मिळाले नाही. नवशिक्याला महिनाभर इग्नेशियस लोयोलाची आध्यात्मिक साधना करावी लागे, इस्पितळात रुग्णसेवा, भिक्षा मागत यात्रा, हलकीसलकी कामे आणि मुलांना धर्मपाठ शिकवणे हेही त्याच्या वाट्याला येई. ‘इंडीज’ला जाण्याची इच्छा असणारे संघाच्या प्रमुखाला विनंतीपत्रे लिहीत, निर्णय मात्र त्यांच्या हाती नसे. घडवली जात होती ती इच्छाशक्ती, आणि तीही दुसऱ्याच्या आज्ञेखाली ठेवण्यासाठी. स्टीफन्सने पुन्हा इंग्लंड पाहिले नाही. १५८५ नंतर तिथे जेझुइट पाद्री म्हणून पाऊल ठेवणे हाच देशद्रोह ठरला होता.

भाषेची तयारी गोव्यात सुरू झाली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात तो इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळती असल्याचे नोंदवतो. प्रेमाची कबुली म्हणून हे पत्र वाचण्याची आपल्याला सवय आहे. मला त्यात व्याकरण पाठ केलेल्या विद्यार्थ्याचा कान दिसतो. याच कानाने पुढे कोंकणीचे व्याकरण रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. साष्टीतील माणसांशी रोजचा व्यवहार कोंकणीत आणि पुराण मराठीत, ही विभागणी त्याने जाणून केली. बोलण्याची भाषा कोणती आणि पोथीची कोणती, हे गावात राहिल्याशिवाय कळत नाही.

शब्दांची निवडही हेच सांगते. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ घेतो, पण बाप्तिस्मा आणि पवित्र आत्मा यांसाठी लॅटिन-पोर्तुगीज शब्दच ठेवतो. श्रोत्याच्या ओळखीचा शब्द कुठे चालेल आणि कुठे जुना अर्थ सोबत घेऊन येईल, याचा हा विवेक आहे. तो केवळ भाषाप्रेमातून येत नाही.

या तयारीची दुसरी बाजू मराठीस्तुतीच्या ओव्यांमागे झाकली जाते. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. त्याआधी, १५५० च्या दशकाच्या अखेरीस, एका धर्मांतरिताने एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या पळवून आणल्याची नोंद जेझुइटांच्याच पत्रव्यवहारात आहे; ब्राह्मणांशी वाद घालताना त्यांचा उपयोग होई. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले, पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केले. ज्या वर्षी स्टीफन्स भाषेचे कौतुक करतो, त्याच वर्षी ती भाषा बोलणाऱ्या गावावर हे ओढवते.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली, की पुराणातला एक प्रसंग वेगळा वाचावा लागतो. धर्मपाठाच्या वेळी एक ब्राह्मण उठून पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? समीक्षक हा प्रसंग ग्रंथाचे निमित्त म्हणून उरकतात. माझ्या मते ग्रंथाची खरी घडण इथून होते. ओवी स्टीफन्सने केवळ आवडली म्हणून निवडली नाही. जे काढून घेतले गेले, त्याच्या तोलाचे काही परत मागणारा श्रोता समोर उभा होता. मिशनरीच्या तयारीचा शेवटचा धडा रोमने दिला नाही, या मागणीने दिला.

या श्रोत्याला विसरले की काय होते, हे गोव्याने पुढे पाहिले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत स्टीफन्सने ३७ वर्षे ऐकून घेतले, तिला ऐकण्याची गरज उरली नव्हती. म्हणून ख्रिस्तपुराणाचा गौरव करताना पहिल्या अवस्वरातील स्तुतीइतकेच लक्ष त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाकडे द्यावे. स्तुती कवीची आहे. ग्रंथाची गरज मात्र त्या प्रश्नात आहे.