हुंकार कोणत्या वाक्यावर?

मराठीत गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणारा ‘हुं’ म्हणाला नाही, तर गोष्ट पुढे सरकत नाही. कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा ऐकण्यावरच एक अख्खी उपचारपद्धती उभी केली. मानवतावादी मानसशास्त्राचे गुणदोष तपासायचे तर ते या हुंकारापाशी तपासावेत, असे माझे मत आहे.

आपल्याकडची चर्चा मात्र मॅस्लोच्या पिरॅमिडपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बी.एड.पासून एम.बी.ए.पर्यंत सर्वांनी तो पाठ केलेला असतो. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात पिरॅमिड नाही. ते चित्र मागाहून इतरांनी काढले. स्वतःच्या क्षमता पूर्णत्वाला नेलेली माणसे कशी असतात, हे शोधताना मॅस्लोने लिंकन, आइन्स्टाइन, एलिनोर रूझवेल्ट अशी आपल्याला थोर वाटणारी माणसे निवडली आणि त्यांच्यात थोरपणाची लक्षणे शोधली. ती सापडली यात नवल ते काय! हा आक्षेप जुना आणि बिनतोड आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही. रॉजर्सचे प्रकरण इतके सोपे नाही.

१९२८ पासून बारा वर्षे रॉजर्स रॉचेस्टर या शहरात मुलांच्या समस्यांवर काम करीत होता. एका व्रात्य मुलाच्या आईशी त्याच्या बऱ्याच भेटी झाल्या. तिने मुलाला लहानपणी झिडकारले हे मूळ कारण त्याला स्वच्छ दिसत होते. तिच्या गळी ते उतरत नव्हते. अखेर दोघांनी हात टेकले. ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारले, तुम्ही मोठ्या माणसांनाही मदत करता का? मग परत येऊन बसली आणि आपल्या बिनसलेल्या संसाराविषयी बोलू लागली. आधी नोंदवलेल्या रीतसर माहितीत यातले काहीच नव्हते. कुठे दुखते ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्सने यातून घेतला. पुढे ‘पेशंट’ हा शब्द टाकून त्याने ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला. (मराठीत त्याला ‘अशील’ म्हणावे तर कोर्टाचा वास येतो. म्हणून मीही ‘क्लायंट’च म्हणतो.)

या पद्धतीचे मोठे बळ माझ्या मते तिच्या प्रेमळपणात नाही, उघडेपणात आहे. फ्रॉइडच्या कोचावर काय बोलले गेले, ते आपल्याला फ्रॉइडच सांगतो. रॉजर्सने मात्र खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणले आणि १९४२ च्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठही भेटी शब्दशः छापल्या. स्वतःला खोटे ठरवता येईल असा पुरावा त्याने स्वतःच लोकांच्या हाती दिला.

लोकांनी तो वापरला. १९५५ मध्ये जोएल ग्रीनस्पूनने विद्यार्थ्यांना मनात येतील ते शब्द उच्चारायला सांगितले. अनेकवचनी नाम आले की तो नुसता हुंकार देई. अनेकवचनी नामे वाढली आणि बहुतेकांच्या ते ध्यानातही आले नाही. १९६६ मध्ये चार्ल्स ट्रुआक्सने, म्हणजे रॉजर्सच्याच एका माजी सहकाऱ्याने, रॉजर्सच्या एका यशस्वी उपचाराची मुद्रणे तपासली. क्लायंटच्या काही विशिष्ट प्रकारच्या बोलण्यावर रॉजर्सची आस्था आणि समजूत अधिक उमटत होती आणि त्यातले बरेच प्रकार पुढे वाढत गेले होते. ज्या ‘विनाअट स्वीकारा’चा एवढा बोलबाला, त्याला अशी न बोललेली अट होती.

याचा प्रत्यय १९६५ च्या एका शैक्षणिक चित्रपटात येतो. ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुणी त्यात रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघांशी आळीपाळीने बोलते. आपल्या आयुष्यातल्या पुरुषसंबंधांविषयी ती नऊ वर्षांच्या मुलीशी खोटे बोलली आहे. खरे सांगितले तर मुलीच्या मनावर परिणाम होईल का, एवढाच तिचा प्रश्न आहे. रॉजर्स उत्तर देत नाही. मी काय म्हणावे असे तुला वाटते, असे विचारतो. ती सांगते, खरे बोल आणि मुलगी तुला स्वीकारेल असा धोका पत्कर, असे तुम्ही म्हणावे. पुढे तीच त्याला म्हणते की, तुम्ही सल्ला देत नाही आहात, पण तुमचा पाठिंबा मला जाणवतो आहे.

हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. ग्लोरियाने अचूक ऐकले, असेच दर वेळी वाटते. खोटे बोलल्याने मुलीला काही काळ सुखाने झोप लागली असेल, हीही एक बाजू होती. पण रॉजर्सची आस्था त्या बाजूवर रेंगाळत नाही. एलिस मराठी वाचकाला कि. मो. फडके यांच्यामुळे चांगला परिचयाचा आहे. तो दांडगाईने बोलतो, पण त्याचे मत टेबलावर असते, त्याच्याशी भांडता येते. हुंकाराशी कसे भांडणार? उत्तर क्लायंटच्याच तोंडून वदवले गेल्यावर ते चुकले तर दोषही तिचाच. ग्लोरियाने मात्र असा दोष काढलेला नाही. अर्ध्या तासाच्या त्या भेटीनंतर ती रॉजर्स पतिपत्नींशी मरेपर्यंत पत्रव्यवहार करीत राहिली. आपल्याला कुणीतरी पुरते ऐकले, याचे मोल तिला ट्रुआक्सच्या तक्त्यांहून जास्त होते आणि समीक्षकाने ते खोडून काढू नये.

१९५७ च्या एप्रिलमध्ये मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञ मार्टिन बुबर आणि रॉजर्स यांचा जाहीर संवाद झाला. उपचाराच्या क्षणी आम्ही दोघे समान असतो, असे रॉजर्सचे म्हणणे. बुबरने ते मानले नाही: तो तुमच्याकडे मदत मागायला आला आहे, तुम्ही त्याच्याकडे नाही, तुम्ही दोन्ही बाजूंनी पाहू शकता, तो पाहू शकत नाही. आपल्याकडे क्लायंट समुपदेशकाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतो, तेव्हा बुबरचे म्हणणे निराळे शिकवावे लागत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे काय, हा विषयही त्या संवादात निघाला होता.

त्याच वर्षी रॉजर्स विस्कॉन्सिनला गेला आणि मेंडोटा येथील सरकारी मनोरुग्णालयात नेमक्या याच रुग्णांवर त्याने मोठा प्रकल्प हाती घेतला. हे लोक आपणहून आलेले नव्हते. कित्येक बोलतच नसत. मग हुंकार कशाला द्यायचा? १९६७ मध्ये अहवाल छापला गेला. उपचार घेतलेला गट एकंदरीने न घेतलेल्या गटाच्या फारसा पुढे गेलेला नव्हता. जिथे समजूतदार नाते जुळले, तिथे थोडा फरक दिसला. हेही रॉजर्सने झाकले नाही. तो स्वतः १९६३ मध्येच विद्यापीठ सोडून कॅलिफोर्नियाला गेला होता आणि तिथे तो वर्तुळात बसून आपणहून बोलणाऱ्या, बऱ्यापैकी निरोगी माणसांच्या गटांत रमला.