हाउटू वाचताना: हा 63 आला कुठून?

लिनक्सवर पॅकेट रेडिओ सुरू करायचा म्हटलं की टेरी डॉसन यांनी लिहिलेला एएक्स.25 हाउटू हाती येतोच. एएक्स.25 हे हौशी रेडिओवाल्यांचं पॅकेट पाठवण्याचं प्रोटोकॉल. हाउटूची ताकद त्याच्या क्रमात आहे. आधी एक्सपोर्ट्स फाइल भरा, मग किसअटॅच चालवा, मग किसपार्म्स. पायरी-पायरीने गेलात की यंत्रणा उभी राहते. पण संशोधनासाठी वाचताना त्यातली एक उणीव खटकते.

किसपार्म्समध्ये 'पर्सिस्ट' नावाचा आकडा असतो. चॅनल मोकळा दिसला की लगेच पाठवायचं की एक स्लॉट थांबायचं, हे त्यावर ठरतं. किस प्रोटोकॉलमध्ये त्याचा डिफॉल्ट 63 आहे. म्हणजे 64 भागिले 256, 0.25 शक्यता. कौल नाही मिळाला, तर 100 मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न. हाउटू हा आकडा कसा बदलायचा ते दाखवतो, पण कोणत्या परिस्थितीत किती ठेवायचा याचं गणित देत नाही.

ते आपणच करून बघू. चार स्टेशनं एकाच वेळी ताटकळत असतील, तर 0.25 अगदी योग्य: शक्यता एक भागिले स्टेशनांची संख्या असावी लागते. पण दहा स्टेशनं असतील, तर पहिल्याच स्लॉटमध्ये टक्कर होण्याची शक्यता सुमारे 76 टक्के! पर्सिस्ट 25 केला, तर तीच 27 टक्क्यांवर येते. 1200 बॉडवर 256 बाइट पाठवायलाच 1.7 सेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक टक्कर महाग पडते.

यातही सगळे एकमेकांना ऐकतात असं धरलंय. डोंगराआडचं स्टेशन ऐकूच येत नसेल, तर नुसत्या पर्सिस्टने भागत नाही. हाच 'हिडन टर्मिनल'चा प्रश्न टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी 1975 मध्ये मांडला होता.

आता मुद्द्याचं. दहा स्टेशनांवर 63 तसाच ठेवून तुम्ही स्वतःचं नवं प्रोटोकॉल एएक्स.25 पेक्षा सरस ठरवलंत, तर ती जीत तुमच्या कल्पनेची नव्हे. समोरच्याचा आकडा चुकीचा होता, एवढंच. परीक्षक हे विचारणारच.

हाउटूला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं काम यंत्रणा उभी करून देणं. पण मुक्त प्रणालीत आकडा दिसतो, बदलता येतो, म्हणून त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. हवेत सिग्नल सोडायला परवाना लागतो. हे गणित करायला नाही. तेव्हा प्रबंधात डिफॉल्ट लिहिण्याआधी एकदा कागद-पेन घ्याच.