तात्या विंचूच्या विद्येचे नाव

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ साली आला. जोयडा तालुक्यात आम्हां मंडळींपैकी बहुतेकांनी तो चित्रगृहात नव्हे, तर पुढे घरच्या दूरदर्शनसंचावर पाहिला. मुलांनी तर तो इतक्या वेळा पाहिला आहे की संवाद त्यांना मुखोद्गत आहेत. गेल्या चतुर्थीला आरत्या आटोपल्यावर ओटीवर याच मुलांचा वाद जुंपला. तात्या विंचूला लाभलेल्या विद्येला म्हणावे काय? एकाचे म्हणणे मृत्युंजय, दुसऱ्याचे झपाटणे. तिसऱ्याने पोथीतला परकायाप्रवेश हा शब्द काढला. आम्ही प्रथम हसलो, आणि मग नकळत त्यात ओढले गेलो. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, असे आता आमचे मत झाले आहे.

कथा वाचकांना ठाऊक असेलच. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला तात्या विंचू हा गुंड एका मांत्रिकाकडून मंत्र मिळवतो, पोलिसांच्या गोळीने मरतामरता आपला प्राण एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती पडतो. पुन्हा मनुष्य व्हायचे तर, आपण कोण हे ज्याला प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरले पाहिजे, अशी अट. कल्पनेचे मूळ १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु तिकडच्या बाहुल्याच्या विद्येला काय म्हणावे याचा आम्हांला घोर नाही. आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्यासाठी आधीच तीन-चार शब्द घरात होते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

‘मृत्युंजय’ हे नाव चित्रपटानेच त्या मंत्राला दिले आहे. आम्हांला ते मान्य नाही. ज्याचा देह गोळीने पडला, बाहुल्यात शिरल्यावरही ज्याला भ्रूमध्यावर नेम धरून संपवता येते, त्याने मृत्यूला कसले जिंकले? त्याने मुदतवाढ मिळवली, इतकेच.

परकायाप्रवेशाचा दावा अधिक गंभीर आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात ‘परशरीरावेश’ म्हणून त्याची गणना आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात गेल्याची कथा प्रसिद्धच आहे. आमच्या घरांतून श्रावणात मालूचा ‘नवनाथ भक्तिसार’ वाचला जातो. त्यात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश करतात आणि त्यांचा मूळ देह गोरक्षनाथ राखतात. राणी रेवतीला हे कळताच ती त्या देहाचे तुकडे करवते. लहानपणी हा अध्याय ऐकताना आमचा जीव त्या राखलेल्या देहात अडकलेला असे, राजाच्या सिंहासनात नव्हे. या विद्येचे मर्म तेथेच आहे: काया उसनी घ्यायची, आणि परतायचे. मागे कोणीतरी राखणीस बसलेला हवा. तात्याला परतण्यास देह नाही, राखणारा गोरक्ष तर नाहीच नाही.

शिवाय बाहुला ही काया म्हणावी का? येथे वादातील सर्वांत धाकटीने वेताळाचे नाव घेतले, आणि आम्ही चपापलो. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात राहून बोलतो. प्रेत त्याचे घर, देह नव्हे. पलीकडे काणकोणात, पैंगीण येथे, वेताळ हा ग्रामदेव आहे, त्यामुळे हे नाव आम्हांला पुस्तकी वाटत नाही. बाहुला हेच तात्याचे प्रेत, असे तिचे म्हणणे. सादृश्य सुरेख आहे, पण पुरते जुळत नाही. वेताळाला माणूस होण्याची हाव नाही. तात्याला दुसरी कसलीच हाव उरलेली नाही.

राहिले ‘झपाटणे’. झपाटायला आधी कोणीतरी आत असावा लागतो, ज्याची इच्छा दडपली जाते. बाहुल्याच्या आत कोण होते? त्या अर्थी चित्रपटाचे नाव सैल आहे. मात्र ते नाव बाहुल्याला न लावता लक्ष्याला लावून पाहावे. लक्ष्या शब्दभ्रमकार आहे. बाहुल्याच्या तोंडी आवाज घालणे हे त्याचे पोट. म्हणून ‘हा बाहुला आपणहून बोलतो’ असे तो जीव तोडून सांगतो, तेव्हा कोणाचाही विश्वास बसत नाही. त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहते. लोकांच्या लेखी झपाटलेला तोच. रामदास पाध्ये यांचे बाहुले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातली खोच अधिक कळेल. विनोदाच्या गदारोळात ही जागा झाकली जाते, आणि दिग्दर्शकानेही तिथे थांबायला हवे होते तितके तो थांबलेला नाही.

नावाचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगतो. आमच्या बोलीत अंगात आले तर कोणी ‘वारे’ म्हणतो, कोणी ‘भार’. त्यास नारळ ठेवतात, पाय धरतात. तेच थरथरणे भुताचे ठरले की ‘झपाटणे’. काळी नदीच्या धरणाखाली गेलेल्या जुन्या सुपे परिसरात, आमच्या नात्यातल्या एका सुनेला बाळंतपणानंतर वारे आले असे आधी सांगत. पुढे शब्द बदलला, आणि शब्दाबरोबर हाताला निरगुडीची काठी आली. मध्ये तिच्यात काय पालटले होते, हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या, आणि आपल्या कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा तसे काही नव्हते. होते ते एवढेच, की मोठ्यांनी एक शब्द उच्चारला आणि कोणी प्रतिप्रश्न केला नाही.

ओटीवरची मुले मात्र तात्यासारख्या खोट्या बाहुल्यालाही सोडीनात. आत कोण शिरला, कोणाच्या संमतीने, पहिला कोठे गेला, परत जाता येते का, कशाने थांबतो? आम्ही अखेर ‘परकायाप्रवेश, परतीविना’ असे नाव सुचवले. ते लांब आहे म्हणून त्यांनी एकमताने नाकारले, आणि मच्छिंद्रनाथांचा देह बारा वर्षे कुजला कसा नाही, हा नवा वाद सुरू केला.