चेंडूला लिहिलेलं पत्र

लेकर्स संघाचा अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याने २९ नोव्हेंबर २०१५ रोजी निवृत्ती जाहीर केली ती एका कवितेतून. ‘डिअर बास्केटबॉल’ हे तिचं नाव. कवितेला पत्राचं रूप आहे, आणि ते पत्र चाहत्यांना किंवा संघाला उद्देशून नसून थेट खेळाला लिहिलेलं आहे. पुढे त्याच शब्दांवर जेमतेम पाच-सहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट तयार झाला. ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट ज्यांच्या पेन्सिलीतून उतरले, त्या ग्लेन कीन यांनी तो दिग्दर्शित केला. संगीत जॉन विल्यम्स यांचं, निवेदन खुद्द ब्रायंटचं. ४ मार्च २०१८ रोजी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर मिळालं आणि ते स्वीकारायला कीन यांच्यासोबत ब्रायंटही मंचावर आला.

हा चित्रपट मला मनापासून आवडतो. तो का आवडतो हे आधी नीट सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल वाटणारी अस्वस्थता त्या आवडण्यातूनच निघाली आहे.

पत्राची सुरुवात मोज्यांपासून होते. सहा वर्षांचा मुलगा वडिलांचे लांब मोजे गुंडाळून त्यांचा चेंडू करतो आणि मनातल्या मनात लेकर्स संघासाठी सामना जिंकून देणारी बास्केट टाकतो. ज्या ‘फोरम’ची तो कल्पना करतो, ते लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमधलं स्टेडियम लेकर्सचं १९९९पर्यंतचं घर. आता ते मोजे जरा निरखून पाहू. वडील जो ब्रायंट हे व्यावसायिक बास्केटबॉलपटू. अमेरिकेतली कारकीर्द आटोपल्यावर ते इटलीतल्या लीगमध्ये खेळायला गेले आणि मुलाचं सहा ते तेरा वर्षांपर्यंतचं बालपण तिथेच गेलं. कवितेत यातलं काहीही सांगितलेलं नाही. वडिलांचे मोजे तेवढे आहेत. घरात खेळ कुठून आला, मुलगा कोणाकडे बघत वाढला, आपलं आणि वडिलांचं स्वप्न वेगळं काढणं त्याला कसं अशक्य होतं, हे सगळं एका मोज्याच्या गुंडाळीत मावलं आहे. अनुभवी कवीलाही हेवा वाटावा अशी ही निवड आहे.

दुसरी गोष्ट रेषेची. कीन यांनी चित्रं हाताने, पेन्सिलीने काढली आणि रेषा गुळगुळीत करण्याचा मोह टाळला. आकृतीभोवतीच्या शोधक, कच्च्या रेघा पडद्यावर तशाच दिसतात. खेळाडूचं शरीर क्षणभर पकडीत येतं आणि लगेच पुढच्या हालचालीत विरघळतं. छोटा मुलगा आणि थोराड खेळाडू एकमेकांत मिसळत राहतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या सामन्यात आपल्याला घडून गेलेली उडी दिसते. इथे उडी घडता घडता दिसते. बास्केटबॉल आपल्याला येत नाही असं कीन यांनी स्वतःच सांगितलं होतं. म्हणूनच की काय, त्यांनी सरावलेल्या प्रेक्षकासारखं स्कोअरकडे न पाहता खांदा, मनगट आणि वळणारी कंबर पाहिली. ब्रायंटसोबत बसून त्याच्या सामन्यांची दृश्यं अभ्यासली. त्या अभ्यासाचं चीज रेषेरेषेत दिसतं.

तिसरी गोष्ट संबोधनाची. पत्रभर ‘तू’ आहे आणि तो ‘तू’ म्हणजे खेळ. तू मागितलंस आणि मी दिलं, तू हाक मारलीस म्हणून मी दुखणं सोसलं, असा सगळा सूर. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानावर येतात त्याचीही प्रतिमा आहे. बोगद्याला शेवट असतो याकडे मुलाचं लक्षच नाही. त्याला फक्त बाहेर झेपावणारा स्वतः दिसतो. मग सूर उतरतो. मन अजून तयार आहे, शरीर मात्र निरोपाची वेळ झाल्याचं सांगतं आहे. विल्यम्स यांचं संगीतही इथे जल्लोष बाजूला ठेवून हळवं होतं.

हे सगळं निव्वळ कवितेपुरतं नव्हतं, याला त्याचा खेळ साक्ष आहे. १२ एप्रिल २०१३ च्या रात्री गोल्डन स्टेटविरुद्ध त्याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. ती तुटल्यावर माणसाला त्या पायावर नीट उभं राहता येत नाही. फाउल मिळाला होता. तो लंगडत फ्री थ्रोच्या रेषेपाशी गेला, दोन्ही बास्केट टाकल्या आणि मगच बाहेर पडला. ते दोन फ्री थ्रो आठवले की कवितेतला दुखणं सोसल्याचा दावा पोकळ वाटत नाही. २२ जानेवारी २००६ रोजी टोरोंटोविरुद्ध लेकर्स मध्यंतराला ४९-६३ असे मागे होते. ब्रायंटने उत्तरार्धात एकट्याने ५५ गुण केले, सामन्यात ८१. शेवटच्या सामन्यात, १३ एप्रिल २०१६ रोजी यूटाविरुद्ध, ६० गुण. त्यासाठी त्याने तब्बल ५० वेळा चेंडू बास्केटकडे टाकला. वीस हंगाम, पाच अजिंक्यपदं आणि ३३,६४३ गुणांच्या त्या कारकिर्दीचं बळ आणि तिची मर्यादा एकच होती: चेंडू आपल्याच हातात हवा. सहकाऱ्यांशी, विशेषतः शकील ओ’नीलशी, त्याचे खटके उडाले ते यातूनच. पत्रातही तसंच आहे. वडिलांच्या मोज्यांचा उल्लेख सोडला तर त्यात तो आणि चेंडू, बाकी कोणाला जागा नाही.

इथे माझी अस्वस्थता सुरू होते. पत्र ज्याला लिहिलं आहे तो चेंडू उत्तर देत नाही. त्याने काय मागितलं, केव्हा हाक मारली, काय दिलं, हे सगळं पत्र लिहिणाराच सांगतो. चेंडूच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण ज्या माणसाच्या आयुष्यात ‘मला जसं वाटलं तसंच समोरच्यालाही वाटलं होतं का’ हा प्रश्न एकदा अक्षरशः न्यायालयात उभा राहिला, त्याच्या पत्रात हे एकतर्फी ‘तू’ वेगळं ऐकू येतं.

जून २००३ च्या अखेरीस ब्रायंट गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोलोरॅडोत गेला होता. तो उतरला त्या हॉटेलात काम करणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणीने त्याच्यावर बलात्काराची तक्रार दाखल केली. जुलैमध्ये आरोप ठेवला गेला. संबंध आले हे त्याने मान्य केलं. ते संमतीने आले असा त्याचा दावा होता. त्यानंतरचे चौदा महिने अमेरिकेतल्या वाहिन्यांना दुसरा विषय सुचत नव्हता. १ सप्टेंबर २००४ रोजी सरकारी पक्षाने खटला मागे घेतला, कारण त्या तरुणीने मुख्य सुनावणीत साक्ष द्यायला नकार दिला. तिने केलेला दिवाणी दावा मार्च २००५ मध्ये तडजोडीने मिटला. अटी गुप्त राहिल्या. म्हणजे त्या रात्री काय घडलं याचा निवाडा न्यायालयात कधी झालाच नाही, आणि बाहेर बसून तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अशा प्रकरणात झालेल्या नुकसानाचा हिशेब मांडताना आपण सवयीने खेळाडूचं खातं आधी उघडतो. मॅकडोनाल्ड्स आणि न्यूटेला त्याच्यापासून दूर झाले. परक्या मैदानांवर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. त्याच काळात त्याने ‘ब्लॅक मांबा’ हे टोपणनाव घेतलं: कोर्टवर उतरणारा तो मांबा, आणि घरचे-न्यायालयातले प्रश्न सोसणारा तो कोबी, अशी आपणच आपली वाटणी केल्याचं त्याने पुढे सांगितलं. २००६-०७च्या हंगामापासून आठ नंबरची जर्सी जाऊन चोवीसची आली. आणि तरी मैदान त्याला सांभाळून घेत राहिलं. ११ मे २००४ रोजी त्याने कोलोरॅडोच्या न्यायालयात ‘गुन्हा कबूल नाही’ असं सांगितलं, विमानाने लॉस एंजेलिस गाठलं आणि त्याच रात्री सॅन अँटोनिओविरुद्ध ४२ गुण केले. या पराक्रमाच्या कथा आजही सांगितल्या जातात. २००८ मध्ये तो अमेरिकेतल्या एनबीए लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच वर्षी बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. त्याच्या खात्यातली तूट पाचेक वर्षांत भरून निघाली.

दुसरं खातं कोणी फारसं उघडत नाही. न्यायालयाच्याच चुकीने त्या तरुणीचं नाव संकेतस्थळावर आलं. बंद दाराआडच्या सुनावणीची टिपणं न्यायालयातूनच चुकून माध्यमांकडे गेली. तिच्या खासगी आयुष्यातला कोणता भाग पुराव्यात येऊ द्यायचा यावर जाहीर वाद झाला. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि धमक्या देणाऱ्यांना शिक्षाही झाल्या. ती साक्ष द्यायला का उभी राहिली नाही, हा प्रश्न विचारताना एवढं तरी लक्षात ठेवावं. ४२ गुणांच्या रात्री टाळ्या वाजवायला हजारो लोक होते. तिच्यासाठी असं कोणतंही मैदान नव्हतं.

आता दुसरा मजकूर पाहू. खटला मागे घेतला गेला त्याच दिवशी ब्रायंटच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात वकिलाचा हात उघड दिसतो: या स्त्रीला पैसे दिलेले नाहीत, हे निवेदन दिवाणी दाव्यात माझ्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, अशा तटबंदीच्या ओळी त्यात आहेत. पण याच तटबंदीच्या आत एक विलक्षण जागा आहे. तो थेट त्या तरुणीची माफी मागतो. मग म्हणतो की जे घडलं ते संमतीने घडलं असं आपण मानत होतो आणि आजही मानतो, पण तिने ते तसं पाहिलं नाही आणि पाहत नाही, हे आता आपल्याला उमगलं आहे. कागदपत्रं वाचून, तिच्या वकिलाचं ऐकून, बंद दाराआडची तिची साक्षही ऐकून आपण इथवर आलो, असं तो सांगतो.

मजकूर म्हणून हे वाक्य अनेकदा वाचण्यासारखं आहे. त्यात स्वतःचा दावा त्याने सोडलेला नाही, त्यामुळे कबुलीजबाब म्हणून ते वाचता येत नाही. तरीही ज्या माणसाने आयुष्यभर चेंडू आणि नजर दोन्ही आपल्याच ताब्यात ठेवली, तो इथे कबूल करतो की त्या खोलीत दुसरी नजर होती आणि तिला तेच दृश्य वेगळं दिसलं. संमतीच्या प्रश्नाचं मूळ नेमकं इथे आहे. स्वतःची खात्री ही दुसऱ्याच्या मनाची साक्ष होऊ शकत नाही. वकिलांनी घासूनपुसून दिलेलं असलं, खटला मिटवण्याच्या सौद्याचा भाग असलं, तरी हे वाक्य त्याच्या नावावर आहे, आणि त्याच्या नावावरच्या मजकुरांत मला ते सर्वांत वजनदार वाटतं.

त्या वाक्याला पुढे वंशज मिळाला नाही, हे दुःख आहे. अकरा वर्षांनी त्याने सर्वांत अंतरंगाचं लिखाण केलं ते अशा श्रोत्यासाठी, ज्याच्याकडून वेगळं मत येणं शक्यच नव्हतं. कोणी म्हणेल, खेळाला लिहिलेल्या पत्रात खटला कशाला? बरोबर आहे, प्रत्येक कलाकृतीवर संपूर्ण चरित्राचा बोजा टाकता येत नाही. पण हे पत्र स्वतःच संपूर्ण आयुष्याचा दावा करतं. मी तुला सगळं दिलं, असं सांगणाऱ्या पत्राला ‘सगळं’ म्हणजे काय हे विचारायला हरकत नसावी. खेळाने त्याला जे दिलं त्यात गुन्ह्याच्या आरोपाखालीही टाळ्या मिळवून देणारं छत्र होतं. त्या देण्याचा उल्लेख पत्रात नाही.

ऑस्कर आलं तेव्हा हॉलिवूडमध्ये ‘मी टू’ची लाट जोरात होती. खेळाडूंनी तोंड बंद ठेवून चेंडूचे टप्पे देत राहावं या तेव्हाच्या एका टोमण्याला ब्रायंटने मंचावरून उत्तर दिलं, आणि सभागृहाने त्याला दाद दिली. काही महिन्यांनी लॉस एंजेलिसच्या ‘अ‍ॅनिमेशन इज फिल्म’ महोत्सवाने जुन्या आरोपांवरून उठलेल्या निषेधानंतर त्याला परीक्षक मंडळातून काढलं. २६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टर अपघातात तो, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि इतर सात जण गेले. जगभर शोक उसळला आणि तो खरा होता. त्याच दिवशी जुन्या खटल्याची बातमी समाजमाध्यमावर टाकणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या स्त्री-पत्रकाराला धमक्या आल्या, तिच्या वृत्तपत्राने तिला काही काळ रजेवर पाठवलं. सतरा वर्षांनीही तोच प्रघात: बोलणारीने गप्प बसावं.

म्हणून मला वाटतं, ‘डिअर बास्केटबॉल’ पाहावा, आणि पोटभर पाहावा. आरोपाच्या नावाखाली त्यातले मोजे, त्या रेषा, ते दोन फ्री थ्रो नाकारणं हा कोत्या मनाचा व्यवहार होईल. चित्रपट सुंदर आहे म्हणून २००४ चं निवेदन विसरणं त्याहून वाईट. दोन्ही मजकूर एकाच माणसाचे आहेत आणि शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. पत्रातला ब्रायंट स्वतःच्या जिद्दीशी प्रामाणिक आहे. निवेदनातला ब्रायंट, नाइलाजाने का होईना, दुसऱ्या व्यक्तीचं म्हणणं ऐकतो. पहिली गोष्ट त्याला सहा वर्षांचा असल्यापासून जमत होती आणि तिच्यासाठी जगाने त्याला सगळी बक्षिसं दिली. दुसरी त्याला फार अवघड गेली, एकदाच आणि अर्धीमुर्धी जमली, आणि तिच्यावर त्याने पुढे काही रचलं नाही. ते रचण्याइतकी शब्दांची ताकद त्याच्यात होती, याचा पुरावा हा चित्रपटच आहे.